एक जूनची गर्दी आणि एक नोव्हेंबरची चौकट

एक जूनच्या चौकटीत नऊ माणसं काही केल्या बसत नव्हती.

चौकट म्हणजे कॅलेंडरच्या पानावरचं एका तारखेचं घर. भिंतीवरच्या मोठ्या कॅलेंडरातसुद्धा ते काडेपेटीपेक्षा फारसं मोठं नसतं. त्यात ठळक आकडा, आकड्याखाली तिथी, कोपऱ्यात नक्षत्र आणि तळाला दिनविशेषाची ओळ, म्हणजे त्या तारखेला इतिहासात काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं. एवढं झाल्यावर उरलेल्या जागेत मला निपाणीजवळच्या एका सहकारी सोसायटीचे नऊ डायरेक्टर बसवायचे होते. प्रत्येकाला नावाआधी 'श्रीमान' हवं होतं. अक्षर बारीक करत करत मी अशा टोकाला आलो होतो की स्क्रीनवर नावं दिसेनात, नुसती मुंग्यांची रांग दिसायला लागली.

आमच्या प्रेसचे मालक, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. चष्मा वर केला, खाली केला.

"हे काय आहे?"

"डायरेक्टर आहेत, दादा. त्यांचे वाढदिवस."

"सगळे एक जूनला?"

"आधार कार्डावर तसंच आहे."

"आणि ही कल्पना कुणाची होती?"

कल्पना माझी होती. मी बेळगावातल्या या प्रेसमध्ये डिझायनर आहे. दिवाळी संपली की आमचा कॅलेंडरचा सीझन सुरू होतो. सोसायट्या, पतसंस्था, सोन्याची दुकानं, सगळ्यांना नववर्षाच्या आत भिंतीवर जायचं असतं. माझा दोष असा की मला कोरी जागा बघवत नाही. या सोसायटीचं प्रूफ दाखवायला गेलो होतो तेव्हा बऱ्याच चौकटी रिकाम्या दिसल्या, आणि मीच चेअरमनना म्हणालो, "डायरेक्टरसाहेबांचे वाढदिवस टाकू या का? सभासदांना आपुलकी वाटेल." कुणी विचारलं नव्हतं. कुठे काही बिघडलं की मूळ आपणच असणार असं मला तसंही वाटत असतं. शेजाऱ्यांची बोअरवेल आटली तेव्हाही वाटलं होतं. या वेळी मात्र ते खरं होतं.

एक जूनचं कारण आमच्या पिढीला सांगायला नको. पूर्वी शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराला धरून आणायचा. गुरुजी विचारायचे, जन्मतारीख काय? बाप म्हणायचा, पेरणी झालती, न्हाय, व्हायची हुती. मागे रांग असायची. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. हात पोचला की पोरगं सहा वर्षांचं, आणि जन्म एक जूनचा. अशा रीतीने आमच्या भागातला अर्धा समाज एकाच दिवशी जन्मला. मी एक जूनचा आहे. दादासुद्धा एक जूनचे आहेत. पण आम्ही दोघं कधी कॅलेंडरवर यायला निघालो नव्हतो.

प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा तपासायचा नमुना, घेऊन मी निपाणीला गेलो. सोसायटीच्या मीटिंग हॉलमध्ये चेअरमन मधोमध, दोन्ही बाजूंना डायरेक्टर. चेअरमननी जूनचं पान डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं.

"डिझायनर, माझं नाव कुठलं ह्यात?"

मी बोट ठेवलं. बोटाखाली चार नावं झाकली गेली.

"ह्ये न्हाय चालायचं. एक जूनला माझा फोटू पायजे. गोल. बाकीच्यांस्नी दुसरीकडं कुठंबी बसवा."

तुकाराम आप्पा समोरच बसले होते. सत्तरीला आलेले, तंबाखूचं शिवार राखून असलेले, मीटिंगला शक्यतो तोंड न उघडणारे गृहस्थ.

"का म्हणून?" आप्पा म्हणाले. "एक जून काय तुमच्या एकट्याच्या सातबाऱ्यावर हाय व्हय?"

"आप्पा, मी चेअरमन हाय."

"मग आमास्नी काय गुरुजींनी तुमच्या मागनं जल्माला घाटलं? एकाच दिशी, एकाच बाकावर घाटलंय."

हॉलमध्ये हशा झाला. चेअरमन हसले नाहीत. निवडणूक पुढल्या वर्षी होती आणि कॅलेंडर दोन्ही बाजूंच्या घरांत लागणार होतं. वातावरण तापायला लागलं. दादांनी छपाईचा कागद आधीच विकत घेऊन ठेवला होता आणि ही सीझनमधली आमची सगळ्यात मोठी ऑर्डर होती. मी घाबरलो, आणि घाबरलो की मला कल्पना सुचतात.

"खरे वाढदिवस टाकू या का?" मी म्हणालो. "एक जून शाळेचा आहे. प्रत्येकाचा खरा दिवस वेगळा असणारच. गर्दी आपोआप मोडेल."

चेअरमनना हे फारच पटलं.

"ठरलं तर. ज्यानं त्यानं आपापला दिस हुडकायचा आन् डिझायनरला फोन करून सांगायचा. एक जून मी ठेवतो. मला खरा ठावं न्हाय आन् हुडकाय येळबी न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून माझा फोन वाजायला लागला.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. दिनविशेष दरवर्षी नव्याने कुणी लिहीत नाही. एक फाईल असते. तारीखवार घटना. तीच वर्षानुवर्षं एका गिऱ्हाइकाकडून दुसऱ्याकडे फिरते. गावाकडे जुन्या बायकांना पोराची तारीख ठाऊक नसली तरी त्या सुमाराला जगात काय झालं होतं ते ठाऊक असतं. त्यामुळे डायरेक्टर घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारत, ते माणूस घटना सांगे, डायरेक्टर मला फोन करत, आणि मी फाईल उघडून घटनेवरून तारीख काढून देई. दोन दिवस मी प्रेसमध्ये बसून बारशी केली.

"भूकंप झाला त्या पहाटे झालतो. कोयनेचा."

"अकरा डिसेंबर."

"शास्त्री गेले त्या दिशी."

"अकरा जानेवारी."

"गोवा सुटलं त्या दिशी."

"एकोणीस डिसेंबर."

गोवा सुटला त्या दिवशी तीन डायरेक्टर जन्मले होते. त्यातले एक तर माझ्याहूनही लहान दिसत होते. मी अदबीने म्हटलं, "साहेब, गोवा एकसष्ट साली सुटला. तुमचं वय..."

"साल कुठं म्हटलं मी? दिस म्हटलं."

तेही खरंच होतं. कॅलेंडर दिवसाचंच असतं. पण तिसऱ्या फोननंतर माझ्या लक्षात आलं की साध्या दिवशी कुणी जन्मलेलंच नाही. सगळ्यांनी मोठमोठे दिवस धरले होते. एकाने तर दोन ऑक्टोबर आणि पंधरा ऑगस्ट यांत कुठला चांगला दिसेल असा सल्ला विचारला. मी त्याला पंधरा ऑगस्टची चौकट भरलेली आहे असं सांगितलं. हे सांगताना मला वाईट वाटलं, पण ती खरंच भरलेली होती.

शेवटचा फोन तुकाराम आप्पांचा आला.

"रघु, आईला इचारलं. ती म्हणतीया, राज्य बदललं त्या दिशी झालास. बा निपाणीच्या बाजाराला गेलता, तो परत येऊन म्हणाला की आजपास्नं आपण म्हैसूर राज्यात. तवर मी आलतो."

मी फाईल उघडली. बघायची गरज नव्हती. एक नोव्हेंबर.

बेळगाव, निपाणीकडच्या माणसाला ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. छप्पन साली भाषावार राज्यं झाली तो हा दिवस. त्या दिवशी हा मुलूख मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. म्हणून दरवर्षी त्या तारखेला एका गल्लीत राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे लागतात आणि पलीकडच्या गल्लीत माणसं काळ्या फिती लावून काळा दिन पाळतात. दोन्हीकडचे सभासद याच सोसायटीतून कर्ज काढतात. त्यामुळे सोसायटीच्या कॅलेंडरात एक नोव्हेंबरची चौकट आम्ही कोरी ठेवतो. आकडा आणि तिथी. दिनविशेष नाही. मला बघवत नसली तरी त्या एका कोऱ्या जागेला मी कधी हात लावलेला नाही.

"आप्पा," मी म्हणालो, "तो दिवस जरा अवघड आहे."

"मला ठावं हाय. पर माझा हाय."

"दुसरं काही आठवत असेल आजींना?"

आप्पा म्हणाले, "रघु, बाकीच्यांनी काय सांगितलं मला ठावं हाय. गोवा तिघांनी वाटून घेतलंय. ती माणसं जत्रंत दुकान धरल्यागत दिस धरत्यात. माझी आई जित्ती हाय. नव्वदीला टेकलीया. तिनं सांगितल्याला दिस हाय ह्यो. तिच्या डोळ्यादेखत एकदा छापून यावा, एवढंच म्हणतोय."

मी "बघतो" म्हणालो. हा शब्द मी नेहमी वापरतो आणि नंतर झोप येत नाही.

मी प्रामाणिकपणे चौकट करून बघितली. आप्पांकडे एकच धड फोटो होता, मुलीच्या लग्नातला. डोक्यावर पिवळा फेटा, कपाळावर लांबलचक लाल गंध. तो गोल कापून एक नोव्हेंबरला बसवला आणि प्रूफ घेऊन निपाणी गाठली. सोसायटीचे सेक्रेटरी शिवानंद यांनी पान पाहिलं. त्यांची घरची भाषा कन्नड, ऑफिसात सगळ्यांशी मराठी. त्यांचा चेहरा खुलला.

"मस्त सर. आप्पा एकदम राज्योत्सवाला निघाल्यागत दिसतात."

चेअरमन दचकले. "काढा, काढा. उद्या निम्मं गाव दारात यील."

मी लॅपटॉप उघडून तिथल्या तिथे फोटोचा रंग काढून टाकला. आप्पा ब्लॅक अँड व्हाइट झाले.

आता शिवानंदांचा चेहरा पडला. "ब्याड सर, ब्याड, हे नको. हे तर काळा दिन झालं."

"आन् आप्पाबी गेल्यागत दिसत्यात," चेअरमन म्हणाले.

भोवतीचं कडं भगवं केलं, चालेना. हिरवं केलं, त्याला वेगळाच अर्थ आला. निळं केलं, तर चेअरमन म्हणाले की त्या रंगाचा माणूस गेल्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभा होता. फोटो काढून नुसतं नाव ठेवलं. खाली 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'.

"हार्दिक कशाला?" चेअरमन म्हणाले. "त्या दिशी हार्दिक म्हटलं की मराठी मंडळी इचारणार, कसलं हार्दिक?"

"नुसत्या शुभेच्छा ठेवू?"

"तर मग आमची मंडळी विचारणार," शिवानंद म्हणाले, "बाकी सगळ्यांना हार्दिक, आणि एक नोव्हेंबरलाच का नाही?"

दोघंही चुकीचं बोलत नव्हते. हा सगळ्यात मोठा त्रास होता.

संध्याकाळी दादांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कॅलेंडरच्या प्रत्येक पानाची आधी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर प्लेट बनते. प्लेट बनली की त्यात बदल नाही. बदल म्हणजे नवी प्लेट. बाकी सगळी पानं छापून झाली होती. नोव्हेंबर तेवढा अडकला होता.

"चेअरमनचा फोन आलता," दादा म्हणाले. "म्हणतो, उद्या फायनल द्या, न्हाईतर संकेश्वरच्या प्रेसवाल्याला बोलावतो. आता असं कर, दोन नोव्हेंबर टाक. एक चौकट पुढं. कुणाचं काय जातंय?"

मी आप्पांना फोन लावला आणि हे सांगितलं. सांगताना माझाच आवाज मला परका वाटला.

"एक चौकट पुढं," आप्पा म्हणाले. "व्हय रं रघु, आईनं एक दिस कळा थांबवायला पायजे हुत्या, न्हाय?"

मी फोन ठेवला. दादांनी माझ्याकडे बघून हात झटकला. "मग गावाला जा. त्या म्हातारीलाच विचार. इतक्या वर्षांपूर्वीचं आहे, एक-दोन दिवस इकडंतिकडं झालं असेल. तिच्या तोंडून दुसरा दिवस निघाला की आप्पा गप्प."

म्हणजे नव्वदीच्या बाईला तिच्या बाळंतपणाबद्दल पटवायला मी निघालो. बसमध्ये खिडकीशी बसून मी काय काय विचारायचं ते ठरवत होतो, आणि प्रत्येक प्रश्न ठरला की मला उतरून परत जावंसं वाटत होतं. निपाणीच्या अलीकडचा यमगर्णीचा थांबा गेला तरी मी उतरलो नाही.

आप्पांचं घर साधं, सिमेंटच्या पत्र्याचं. सोप्यात आप्पांची आई बाजल्यावर बसून लसूण सोलत होत्या. नजर अधू झालेली, पण बोटं झरझर चालत होती. शेजारी आप्पांचे थोरले भाऊ, त्यांना घरात अण्णा म्हणतात, पेपर वाचत होते. आप्पा शेतातून नुकतेच आले होते. मला बघून त्यांनी काय ते ओळखलं असावं. चहा सांगितला आणि भिंतीला टेकून बसले.

"आई, ह्यो कॅलेंडरवाला. तुला माझ्या जल्माचं इचारायला आलाय."

"का? आता का?" म्हातारी म्हणाली. "लगीन ठरलंय व्हय?"

मी बाजल्याजवळ बसलो. "आजी, राज्य बदललं त्याच दिवशी हे झाले, हे नक्की? का दुसऱ्या दिवशी?"

"राज्य कवा बदललं मला काय ठावं बाबा. ह्येचा बा म्हणाला आज बदललं. मला तर कायबी बदलल्यालं दिसलं न्हाय. त्योच गोठा, तीच म्हस."

माझ्या मनात आशा निर्माण झाली. तिची मला लाज वाटली, पण झाली.

"मग नक्की कुठला दिवस, ते आठवत नाही तर."

म्हातारीने लसणाची पाकळी खाली ठेवली.

"आठवत न्हाय कसं? पयल्या आंघुळीचा दिस. दिवाळीची पयली आंघोळ. पाटंचं पाणी तापलेलं. उटणं कालवून ठिवलेलं. सासू म्हणाली, उठ, पोरास्नी उठीव, आन् मला कळा. सगळ्यांची आंघोळ ऱ्हायली आन् पयली आंघोळ ह्येनं केली. घरात कुणीबी उठायच्या आदी."

आप्पा भिंतीपासून पुढे सरकून म्हणाले, "आई, म्हणून तू दिवाळीला मलाच पयलं बसवतीस?"

"मग? जल्मल्यापास्नं बसवतीया. ह्या दिवाळीला न्हाय बसवलं?"

"मला वाटायचं तू आपली..."

"काय आपली?"

पेपर खाली आला. थोरल्या अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"आई," अण्णा म्हणाले, "थोरला मी. सारा जल्म मी ह्येच्या मागनं आंघोळ करतोय. ह्येला कडकडीत पाणी, मला कोमट. बायको आली तवा तीबी म्हणाली, तुमच्या आईचा धाकट्यावर जीव हाय. त्यावरनं आमी चूल येगळी केली."

"तू इचारलंस कवा?"

"ह्ये काय इचारायचं आसतंय व्हय?"

"मग मी काय सांगत सुटू? वाढदिस हाय त्येचा. तुझा मिरग निघाल्यावर. तवा तुला गोड करून घालत न्हाय व्हय मी?"

अण्णा विचारात पडले. "त्ये पेरणी झाल्याबद्दल न्हवं?"

"पेरणी झाल्याबद्दल कोण पुरणपोळी करतंय?"

अण्णांनी पेपर पुन्हा वर केला. पेपर थोडा हलत होता. ते हसत होते की काय करत होते ते मला दिसलं नाही.

मी मोबाईलवर पंचांगाचं ॲप उघडलं. ते जुन्या वर्षांच्या तिथीही दाखवतं. छप्पन साल टाकलं. एक नोव्हेंबर, आश्विन वद्य चतुर्दशी. नरक चतुर्दशी, म्हणजे दिवाळीची पहिली अंघोळ. बापाने आणलेली बातमी खरी होती आणि आईची अंघोळही खरी होती. फक्त बापाचा दिवस तारखेने जाणारा होता आणि आईचा तिथीने. तारीख दरवर्षी त्याच चौकटीत येते. तिथी चंद्रावर चालते, ती दरवर्षी चौकट बदलते. मी आयुष्यभर एकाच काडेपेटीत दोन्ही छापत आलो होतो आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"आप्पा," मी म्हणालो, "तिथीनं छापू या? आजी पाळतात तसंच. पहिल्या अंघोळीच्या चौकटीत."

आप्पांनी आईकडे बघितलं. म्हातारी पुन्हा लसूण सोलायला लागली होती.

"ती पाळती त्योच दिस खरा," आप्पा म्हणाले. "एक नोव्हेंबर ज्येला पायजे त्येनं घ्यावा."

प्रेसमध्ये परत आलो तर दिवाळीची चौकट आधीच तुडुंब. येत्या वर्षी पहिली अंघोळ आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं होतं. नरक चतुर्दशी, अभ्यंगस्नान, लक्ष्मीपूजन, मुहूर्त आणि वर एक पणती. मी पणती काढली आणि तिच्या जागी आप्पा बसवले. पिवळा फेटा, लाल गंध, सगळं तसंच. दिवाळीच्या चौकटीत त्याला कुणाचीच हरकत नव्हती. 'हार्दिक'ही राहिलं. शिवानंदांनी प्रूफवर सही केली. चेअरमननीही केली. दादांनी प्लेट टाकली आणि मशीन सुरू झालं.

कॅलेंडर वाटून झाल्यावर चेअरमनचा फोन आला.

"डिझायनर, ह्ये तुमी काय करून ठिवलं?"

"काय झालं साहेब?"

"लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त बघायला घराघरांत समदी माणसं कॅलेंडरपुढं हुबी ऱ्हाणार, आन् समोर कोण? तुकाराम आप्पा. माझ्या एक जूनला कॅलेंडर कोण बघतंय? पोरांच्या फिया भरायच्या असत्यात लोकांस्नी."

"पण साहेब, एक जून तुम्हीच..."

"पुढल्या साली माझीबी तिथी काढा. मावशी हाय माझी, तिला ठावं हाय. इचारून सांगतो."

आठवडाभर काही आलं नाही. मला राहवेना. कदाचित माझ्यामुळे मावशी-भाच्यात काही झालं असेल असं वाटून मीच सोसायटीत फोन केला. शिवानंदांनी उचलला.

"विचारली होती सर मावशीला," ते आवाज खाली आणून म्हणाले. "सर्वपित्री अमावस्या निघाली. साहेब म्हणाले, एक जूनच ठेवा."

आप्पांना मी मुद्दाम फोन केला नाही. त्यांनीच केला. कॅलेंडर आईच्या बाजल्यासमोर लावलं होतं. म्हातारीला वाचता येत नाही, म्हणून आप्पांनी तिचं बोट धरून फोटोवर ठेवलं आणि सांगितलं, ह्यो मी, पयल्या आंघुळीच्या दिशी, छापून आलोय.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, त्या दिशी तुझं त्वांड माझ्या म्होरंच आसतंय. भितीवर कशाला टांगलंस?"

"रागावल्या?"

"न्हाय. पर दुसऱ्या दिशी अण्णा आला आन् तिला म्हणाला, माझाबी दिस नीट सांग, मिरग म्हंजे कवा. दोघं बसलीत बघ तवापास्नं. ती म्हणतीया बुधवार हुता, ह्यो म्हणतोय मला कसं ठावं."

यंदाचा सीझन सुरू झाला आहे. परवा एका पतसंस्थेचे चेअरमन प्रूफ बघताना म्हणाले, "रिकाम्या चौकटी बऱ्याच दिसतात हो. काही टाकता येईल का?" मी म्हणालो, "नाही, जागा श्वास घ्यायला लागते." हे मी एका डिझायनरच्या व्हिडिओत ऐकलं होतं. त्यांना पटलं. आता मी गिऱ्हाइकाकडून एकच तारीख मागून घेतो, फायनल प्रूफ कधी पास करणार त्याची. ती मात्र अजून एकानेही पाळलेली नाही.